वहीत सतरा, विक्रमात चौदा

प्रश्न : सर, माझा पोरगा नववीत आहे, शाळेच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. त्याच्या मोबाईलवरून एडविन जॅक्सन या अमेरिकन पिचरचे संघ मी वहीत उतरवले, सलग वर्षं एका ओळीत धरून. पोरगा म्हणतो १४ संघ, माझ्या ओळी १७ झाल्या. शिवाय २०११च्या बातमीत टोरोंटो आहे, तक्त्यात त्या वर्षी नाही. चुकलं कुठं? आणि दर पाडव्याला मालक बदलणाऱ्या गड्याला आमच्याकडे कोणी चांगलं म्हणत नाही. हा खेळाडू चांगला की वाईट?
— एक शेतकरी वाचक, आर्वी तालुका

उत्तर : भाऊ, तुमची वही बरोबर आहे. तुम्ही ओळी मोजल्या, सर्वाधिक संघांकडून खेळण्याच्या विक्रमात संघ मोजतात. वॉशिंग्टन २०१२ आणि २०१७ असं दोनदा आलंय, डेट्रॉईट २००९ आणि २०१९ असं दोनदा. ते एकेकदाच धरा. टॅम्पा बेचं नाव २००७पर्यंत ‘डेव्हिल रेज’ होतं, २००८पासून नुसतं ‘रेज’. पाटी बदलली, दुकान तेच. तीन वजा झाले, उरले चौदा. मेजर लीग म्हणजे तिकडची सगळ्यात वरची बेसबॉल लीग, तिच्यातला हा विक्रम आहे. २०२५ मध्ये रिच हिल या पिचरने त्याची बरोबरी केली.

टोरोंटोची गोष्ट मला फार आवडते. २७ जुलै २०११ ला शिकागो व्हाइट सॉक्सने जॅक्सनला टोरोंटोला दिलं आणि टोरोंटोने त्याच दिवशी पुढे सेंट लुईसला. टोरोंटोसाठी एकही चेंडू टाकला नाही, म्हणून तक्त्यात त्या वर्षाची ओळ नाही. सेंट लुईसला जाणाऱ्यांत ऑक्टाव्हिओ डोटेल हाही पिचर होता. तेरा संघांचा विक्रम पुढे त्याच्या नावावर राहिला आणि तो मोडला जॅक्सनने, मे २०१९ मध्ये, टोरोंटोकडूनच! वही घेऊन ही जुळणी लावली त्या रात्री मला झोप आली नाही. त्या २०११च्या हंगामात सेंट लुईसने वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम मालिकाही जिंकली.

आता गड्याचं. आपला सालगडी पाडव्याला स्वतः बोलणी करतो. तिथे मेजर लीगमधली सहा वर्षं भरेपर्यंत खेळाडूचा करार क्लबच्या हाती. बहुतेकांना न विचारता अदलाबदल होते. २५ जून २०१० ला ॲरिझोनाकडून खेळताना जॅक्सनने नऊ डावांत टॅम्पा बेला एकही हिट, म्हणजे फटका मारून सुखरूप तळ गाठणं, मिळू दिली नाही. १४९ चेंडू टाकले, आठ जणांना वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकटचा पहिला तळ) दिले, सामना १-० जिंकला. पाच आठवड्यांत त्याला शिकागोला पाठवलं, बदल्यात डॅनियल हडसन आणि आणखी एक पिचर घेतले. नको झालेल्या खेळाडूच्या बदल्यात कोणी असं देत नाही. १०७ विजय, १३३ पराभव हा त्याचा हिशेब आहे, म्हणून थोर म्हणणार नाही. पण सतरा हंगाम कोणाला ना कोणाला तो हवा होता. मुंबईचा वसीम जाफर आपल्या विदर्भाकडे आला, २०१८-१९ मध्ये हजारावर धावा काढल्या, रणजी सलग दुसऱ्यांदा आली. त्याला आपण परका म्हटलं नाही.

वहीत आणखी एक रकाना आखा : कसा गेला? अदलाबदल, करार संपला, की क्लबने सोडलं. जॅक्सनची खरी वाट त्यात दिसेल.

आणि ते १४९ चेंडू पोराला भुलवतील, तेव्हा जपा. अमेरिकेतल्या ‘पिच स्मार्ट’ या लहान पिचरांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत त्याच्या वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ आहेत. मैदानावर बसून तुम्हीच मोजा, आणि आकडा भरला की सरांना हाक मारा.