रविवारचा डबा कोणत्या आठवड्यात?

प्रश्न : इंदूरच्या रामबागेत माझी आई घरगुती डबे पुरवते. सोमवार ते रविवार असा साप्ताहिक हिशेब काढण्यासाठी मी साध्या जावास्क्रिप्टमध्ये एक पान तयार केले. रविवारी, ३ ऑगस्ट २०२५ रोजी, त्यावर आठवडा ४ ऑगस्टपासून सुरू झालेला दिसला. आदल्या दिवशी पानावर २८ जुलै ही बरोबर तारीख होती, पण उतरवून घेतलेल्या फाइलच्या नावात २७ जुलै उमटली. रविवारी रात्रीचे डबेही हिशेबातून गळतात. काय चुकते?

उत्तर : आठवडा पुढे सरकण्याचे मूळ गेटडे या फंक्शनमध्ये आहे. ते वाराचा आकडा देते आणि रविवारला शून्य मानते. त्यामुळे ‘तारीख वजा वार अधिक एक’ हे नेहमीचे सूत्र सहा दिवस बिनचूक चालते आणि रविवारी येत्या सोमवारवर जाऊन बसते. त्याऐवजी वाराच्या आकड्यात ६ मिळवून ७ ने भागावे आणि उरलेली बाकी तारखेतून वजा करावी. रविवारी बाकी ६ उरते, ३ मधून ६ गेल्यावर उणे ३ येतात, आणि महिन्यातील दिवस बसवणाऱ्या सेटडेट या फंक्शनला उणे ३ दिले की ते मुकाट्याने २८ जुलैवर पोहोचते, कारण शून्य म्हणजे मागच्या महिन्याचा अखेरचा दिवस असा त्याचा हिशेब असतो. सेटडेट मूळ तारीखच बदलते, म्हणून आधी तिची प्रत काढावी.

फाइलचे नाव तुम्ही तारखेचा मजकूर करून देणाऱ्या टूआयएसओस्ट्रिंगने तयार करत असणार. ते यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहिते, आणि आपली घड्याळे तिच्यापुढे साडेपाच तास असल्याने २८ जुलै सुरू होतानाची आपली मध्यरात्र तिच्या लेखी २७ जुलैची संध्याकाळ, साडेसहाची वेळ, ठरते. गेटफुलइयर, गेटमंथ आणि गेटडेट यांनी स्थानिक वर्ष, महिना व दिवस सुटे काढून जोडावेत. महिन्यात १ मिळवावा, कारण येथे जुलैचा क्रमांक ६ आहे. (वार आणि महिने शून्यापासून, तारखा मात्र एकपासून, ही विचित्र मोजणी १९९५ मध्ये जावा या दुसऱ्या भाषेकडून उचललेली आहे.) उलट दिशेनेही हाच सापळा आहे : ‘२०२५-०७-२८’ एवढाच मजकूर तारीख तयार करणाऱ्या न्यू डेटला दिल्यास ती आपल्याकडची पहाटे साडेपाचची वेळ होते, आणि आईने सोमवारी पाच वाजता केलेली नोंद मागच्या आठवड्यात जाते.

रात्रीच्या डब्यांसाठी अखेरची मर्यादा रविवार ठेवू नये, कारण नुसती तारीख म्हणजे त्या दिवसाचा पहिला क्षण; नोंदीची वेळ पुढचा सोमवार सुरू होतानाच्या मध्यरात्रीपेक्षा कमी असावी, एवढीच अट घालावी.