९७५३०८६४२१ वर येऊन थांबणारी वजाबाकी

प्रश्न : चार अंकी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिले, की शेवटी ६१७४ येते, असे वाचल्यावर मी तीच रीत दहा अंकी संख्येला लावली. ४८१५०९२६७३ चे अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने वजा केले, तेव्हा ९७५३०८६४२१ आले. पुन्हा तसेच केले तरी उत्तर बदलले नाही. घरातल्या मोबाइल क्रमांकांच्या बाबतीत मात्र असे होत नाही. याचे कारण काय?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपण घेतलेल्या संख्येत ० ते ९ हे सर्व अंक एकेकदा आले आहेत. ते कसेही मांडले तरी वजाबाकी ९८७६५४३२१० उणे ०१२३४५६७८९ हीच होते. त्यामुळे अशा सर्वच्या सर्व ३२,६५,९२० दहा अंकी संख्या पहिल्याच पायरीला ९७५३०८६४२१ वर पोहोचतात. खरे नवल पुढेच आहे. उत्तरातही दहाही अंक एकेकदाच येतात, म्हणून ते तिथेच स्थिरावते.

ही वजाबाकी हाताने करून पाहावी. एककाच्या घरात ० मधून ९ जात नाहीत, म्हणून हातचा घ्यावा लागतो आणि १ उरतो. पुढच्या चार घरांतही हातचा घ्यावा लागून क्रमाने २, ४, ६, ८ मिळतात. सहाव्या घरात ५ मधला एक आधीच गेलेला असल्याने ४ मधून ४ जाऊन शून्य राहते, आणि तिथून हातच्याची गरज संपून ३, ५, ७, ९ येतात. उजवीकडे सम अंकांत शिरलेला १ आणि डावीकडे विषम अंकांत शिरलेले ० ही त्या हातच्यांचीच करणी आहे, आणि मला या संख्येतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

मोबाइल क्रमांकात बहुधा काही अंक पुन्हा येतात, पण तेवढ्याने वाट बदलतेच असे नाही. सर्वांत मोठा व सर्वांत लहान, त्याखालोखालचे दोन, अशा पाच जोड्यांमधली अंतरेच उत्तर ठरवतात. ज्या संख्येत १ मुळीच नाही, ९ दोनदा आहे आणि बाकीचे अंक एकेकदा आहेत, तिचीही अंतरे ९, ७, ५, ३, १ हीच असल्यामुळे उत्तर तेच येते.

ठाण्यात माध्यमिक शिक्षण घेतलेले आणि पुढे देवळालीला शिक्षक असलेले द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये चार अंकी संख्यांबाबत दाखवलेला नियम मात्र दहा अंकांना लागू पडत नाही. चारही अंक सारखे नसतील, तर तिथे फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. दहा अंकांत ६३३३१७६६६४ आणि ९९७५०८४२०१ याही स्थिर संख्या आहेत, शिवाय काही वाटा कुठेच थांबत नाहीत : ६४३१०८८६५४ वरून ८७३२०८७६२२, त्यावरून ८६५५२६४४३२ आणि पुन्हा ६४३१०८८६५४. आपल्या क्रमांकांवर वजाबाकी करत राहा, आणि आधी आलेली संख्या पुन्हा दिसली की थांबा. त्यापुढे नवे काही येणार नाही.