कुलमुखत्यारपत्रातला ‘कुल’ कुठला?

गुहागरच्या एका वाचकांनी विचारले आहे की, आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारे पत्र (पॉवर ऑफ अटर्नी) ‘कुलमुखत्यारपत्र’ की ‘कुळमुखत्यारपत्र’. मुंबईत राहणाऱ्या आपल्या भावाच्या नावे त्यांच्या आई हे पत्र करून देणार होत्या. मसुद्यात ‘कुळमुखत्यारपत्र’ असे टंकले गेले आणि ते वाचताच, ‘बागेतल्या कलमांना कूळ लागेल’, म्हणजे जमीन कसणारा दुसराच कोणी तिच्यावर हक्क सांगेल, म्हणून आईंनी सही थांबवली.

त्यांची भीती मला पूर्ण समजते. 1948चा कूळकायदा आणि कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानणारा 1 एप्रिल 1957चा कृषकदिन ज्या घरांनी अनुभवला, तेथे हा शब्द अजून जपूनच उच्चारला जातो. परंतु येथील ‘कुल’ वेगळा आहे. कुलदैवतातला ‘कुल’ संस्कृत असून त्यातील ‘ल’चा ‘ळ’ होऊनच आपले ‘कूळ’ घडले. मुखत्यारपत्रातला ‘कुल’ मात्र अरबी असून फारसीमार्फत मराठीत आला आणि त्याचा अर्थ ‘सर्व, एकंदर’ असा आहे. म्हणूनच एखाद्या ठरावीक कामापुरता अधिकार दिला, तर त्या पत्राला खासमुखत्यारपत्र म्हणतात. ‘मुखत्यार’चाही मुखाशी संबंध नाही, ज्याला निवडून अधिकार दिला तो मुख्तार, आणि आपण सहज वापरतो तो ‘अखत्यार’ त्याच धातूचा. तेव्हा ‘कुलमुखत्यारपत्र’ हेच शुद्ध, आणि ‘कुळ’ लिहिणे ही केवळ लेखनाची नव्हे, तर अर्थाची चूक आहे.

भाऊ मालक होईल का, या आईंच्या दुसऱ्या शंकेचे उत्तरही शब्दातच आहे. मुखत्याराकडे अखत्यार जातो, मालकी जात नाही. आणि 1872च्या करार कायद्यानुसार, पत्र देणारी व्यक्ती मरण पावली किंवा तिचे मानसिक संतुलन ढळले, तर तो अखत्यार सर्वसाधारणपणे संपतो. वार्धक्यातील व्यवस्थेसाठी पत्र करणाऱ्यांच्या हे फार उशिरा ध्यानात येते, याचे मला वाईट वाटते. अशाच व्यवस्थेसाठी करता येणारा ‘न्यास’, म्हणजे ट्रस्ट, याहून निराळा. त्या शब्दाचा मूळ अर्थच ‘खाली ठेवणे’, म्हणजे ठेव; 1882च्या न्यास कायद्यानुसार मालमत्ता विश्वस्ताच्या नावे होते, परंतु तिचा लाभ ज्याच्यासाठी ती ठेवली त्याचाच असतो. आपल्याकडे ‘विश्वस्त’ म्हटले की देवस्थानचेच आठवतात, पण खासगी न्यासालाही ते लागतात.

आईंना मसुदा पुन्हा दाखवताना ‘ळ’ खोडून ‘ल’ करावा आणि ‘कुल’ म्हणजे ‘सर्व’ हे त्यांना आधी सांगावे. ‘सर्व’ अधिकार द्यायचे नसतील, तर सात-बाऱ्याच्या कामापुरते खासमुखत्यारपत्र करता येते.