लाकडी तंतूंच्या उष्णतारोधकावर काम सुरू करताना

प्रिय विद्यार्थिनी,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. लाकडाचे पाच प्रकार, तीन बंधक (तंतूंना एकत्र चिकटवणारे पदार्थ) आणि वर आगरोधक क्षार, एवढं सगळं एका सत्रात बसणार नाही. एकच लगदा घे, बंधक म्हणून स्टार्च घे आणि फक्त घनता बदल: 60, 90, 120, 150 आणि 200 किलो प्रति घनमीटर. प्रत्येकी तीन नमुने म्हणजे पंधरा झाले. तेवढ्यातच सत्र सरतं.

घनताच का? उष्णता अडवते ती तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा. हवेची उष्णतावाहकता साधारण 0.026 वॉट प्रति मीटर केल्विन, तर भरीव लाकडाची तंतूंच्या आडव्या दिशेने 0.12 च्या आसपास. लाकडी तंतूंचं चांगलं उष्णतारोधक 0.04 च्या जवळ येतं. तंतू दाटले की उष्णता त्यांच्यातूनच वाट काढते. फार विरळ झाले की ती प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, आरपार जाते, हवाही आत खेळू लागते. त्यामुळे घनतेनुसार वाहकतेचा आलेख काढला तर त्याला मध्येच कुठेतरी तळ असतो. तुझ्या लगद्याचा तळ नेमका कुठे आहे, एवढं पक्कं सापडलं तरी प्रबंधात दम येईल.

साचा 200 बाय 200 मिलिमीटरचा आणि जाडी 30 मिलिमीटर धर. 100 ची घनता हवी असेल तर 120 ग्रॅम कोरडे पदार्थ लागतात, आणि त्यात स्टार्चचं वजनही धरायचं. लगद्यात कोरड्या वजनाच्या 8 टक्के ओलावा असेल, तर तो तेवढा जास्त तोलून घे. हा हिशेब चुकला की पुढचे सगळे आकडे सरकतात.

खरी डोकेदुखी वाळवताना सुरू होते. पाणी उडून जाताना तंतूंना एकमेकांकडे ओढतं, नमुना बसतो आणि घनता ठरवल्यापेक्षा वाढते. म्हणून 60 ची घनता नुसत्या पाण्यात जमणं कठीण. तिथे लगदा फेसात मिसळ, बुडबुडे तंतूंना दूर धरून ठेवतात. पण मग पाचही घनता फेसातच कर, नाहीतर एकाऐवजी दोन गोष्टी बदलतील. दुसरी अडचण स्टार्चची. भट्टी कडक ठेवलीस तर शिजलेला स्टार्च पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे सरकतो. नमुना मधोमध कापून बघ: वर कडक पापुद्रा, आत बोटाने चिमटीत निघणारा भुसभुशीत गाभा. 40 ते 50 अंशांवर, जाळीवर, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असं वाळव आणि अधूनमधून उलटत राहा.

मोजमापाआधी एक हिशेब करून ठेव. वरच्या मापाच्या नमुन्यातून, दोन्ही बाजूंच्या तापमानात 20 केल्विनचा फरक असताना, 0.04 च्या वाहकतेला जेमतेम 1 वॉट उष्णता जाते. कडांमधून 0.1 वॉट जरी निसटला तरी निकालात दहा टक्क्यांची चूक. म्हणूनच संरक्षक कडा असलेली गरम तबकडी किंवा उष्णताप्रवाहमापक वापरायचा. मोजमापासाठी घरगुती खोका बनवणारच असशील तर आधी ज्ञात वाहकतेच्या नमुन्यावर त्याची परीक्षा घे.

आता ओलावा, इथे मात्र हयगय नको. पाण्याची वाहकता 0.6, हवेच्या वीसपट. नमुने 23 अंश आणि 50 टक्के आर्द्रतेत ठेव. 24 तासांत वजन 0.1 टक्क्याहून कमी बदललं की मगच मोज. दमट स्थितीतली वाहकता हवी असेल तर बंद डब्यात साध्या मिठाचं संपृक्त द्रावण ठेव, साधारण 75 टक्के आर्द्रता मिळते. तळाशी न विरघळलेलं मीठ दिसत राहायला हवं. त्या डब्यात स्टार्चवर बुरशी धरते का, त्याचीही नोंद कर. खरा ओलावा शेवटी 103 अंशांवर स्थिर वजनापर्यंत वाळवून काढ. वहीत प्रत्येक वाहकतेशेजारी घनता, ओलावा आणि सरासरी तापमान लिही. त्यांच्याशिवाय तो आकडा कुणाच्या कामाचा नाही.

'पर्यावरणपूरक' हा शब्द शीर्षकात घालायचा असेल तर वाळवण्याची ऊर्जाही मोज. नमुन्यात समजा 480 ग्रॅम पाणी असेल, तर ते उडवायला भट्टीची गळती सोडूनही सुमारे 0.3 युनिट वीज जाते. त्यामुळे वाळवण्याआधी नमुना जितका निथळेल तितका निथळू दे.

कोरडा लगदा सुटा करताना धूळनिरोधक मास्क लाव; लाकडाची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते आणि हवेत दाट पसरली की ठिणगीने स्फोटही होऊ शकतो. ज्वलनाची चाचणी सध्या करू नकोस. ज्योत विझल्यावरही असा नमुना आतून तासन्‌तास धुमसत राहू शकतो, आणि त्यासाठी वेगळी तयारी लागते.

पुढच्या भेटीला 120 घनतेचे तीन वाळलेले नमुने आण, एक मधोमध कापलेला. प्रत्येकाची जाडी नऊ ठिकाणी मोजून आण.