लढाई चालू असताना सरकारला हिशोब मागणं देशद्रोह आहे का?

तुम्ही पत्रात लिहिलंय, संरक्षण खरेदीचा विषय काढला की तुमचे काका म्हणतात, "जवान सीमेवर उभा आहे, आत्ता गप्प बस." माझ्या मते हिशोब मागायचा तो तेव्हाच. लढाईत खरेदी घाईची असते, भाव कोणी फार ताणत नाही, आणि खाणाऱ्याला याहून चांगला मोसम मिळत नाही.

हे ऐकीव सांगत नाही. 1999 साली मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपात सुपरवायझर होतो. लष्करी मालासाठी लाकडी पेट्या बनवायचो. कारगिल सुरू झालं, ऑर्डर वाढली, तसा शेठनं ओलं लाकूड आणलं. मी म्हटलं, हे वाळलं नाही. तर म्हणे, "लढाई चालू आहे बापू, आता कोण पाहते?" मी गप्प बसलो. तपासणीला आलेल्या माणसानं ओलावा मोजायच्या यंत्राच्या दोन सुया फळीत खुपसल्या, आकडा पाहिला, दुसरी फळी, तिसरी फळी, आणि सगळा लॉट परत. एक शब्द बोलला नाही. त्याच आठवड्यात शेठनं चौकात 'जय जवान'चा भला मोठा फलक लावला, खाली स्वतःचा फोटो.

आता काकांच्या मुद्द्याकडे. 1962 मध्ये चीनचं सैन्य आत घुसलेलं असताना 8 नोव्हेंबरपासून लोकसभेत त्यावर चर्चा झाली. त्याआधीच संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना घालवा म्हणणाऱ्यांत काँग्रेसचेच खासदार होते. म्हणून यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण कौतुकानं सांगतो, पण ती खुर्ची रिकामी कशी झाली ते गाळून टाकतो. त्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल मात्र कुठल्याच पक्षाच्या सरकारनं अधिकृतपणे खुला केलेला नाही. इथे सगळ्यांचं एकमत!

अमेरिकेतही 1941 मध्ये सिनेटर हॅरी ट्रूमन यांनी युद्धकंत्राटांची चौकशी करणारी समिती चालवली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट त्यांच्याच पक्षाचे. चौकशी ऐन महायुद्धात सुरू राहिली, आणि तरी त्याच ट्रूमनना पुढे रूझवेल्टांसोबत उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली.

आपल्याकडे बोफोर्सच्या वेळी ज्यांनी गल्ल्या दणाणून सोडल्या, त्यांतल्या कित्येकांना कारगिलच्या जवानांसाठी घेतलेल्या शवपेट्यांच्या खरेदीवरचा कॅगचा, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या संस्थेचा, आक्षेप म्हणजे सैन्याचा अपमान वाटला. आणि बोफोर्सवर मिठाची गुळणी धरून बसलेले तेव्हा एकदम जागे झाले. शवपेट्यांच्या खटल्यातल्या आरोपींना 2013 मध्ये विशेष न्यायालयानं आरोपमुक्त केलं, हेही सांगितलं पाहिजे. प्रश्न विचारला म्हणजे समोरचा चोर ठरला, असं नाही. कागद बघू द्या, एवढंच म्हणणं असतं.

कागद बघायची सोयही आहे. कॅगचे अहवाल संसदेत मांडले जातात, नंतर बरेचसे इंटरनेटवर फुकट मिळतात, संरक्षणाचे मात्र सगळे नाहीत. ते संसदेच्या लोकलेखा समितीकडे जातात, ती सरकारी खर्च तपासते, आणि 1967 पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. वाचायला कंटाळवाणे, हे मान्य. मी पहिल्यांदा उघडला तेव्हा चौथ्या पानावर डोळा लागला. आता मी फक्त 'उशीर', 'जादा दर' आणि 'नाकारलेला माल' हे शब्द शोधतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला केंद्राच्या कार्यालयात 10 रुपये लागतात. सैन्याच्या हालचाली कोणी सांगणार नाही, सांगूही नयेत. पण पुरवठादाराला उशिराबद्दल दंड लावला का, हे विचारायला काय हरकत आहे?

काकांशी वाद घालून उपयोग होईल असं मला वाटत नाही. आमच्या भाऊजींशी मी वीस वर्षं घालतोय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरच्या इतवारीत मारबतीची, म्हणजे वाईटाला हाकलायला काढलेल्या पुतळ्यांची, मिरवणूक बघायला उभे असतो. त्यातल्या बडग्यांमध्ये, म्हणजे टिंगलीच्या पुतळ्यांमध्ये, दुसऱ्या पक्षाचा नेता आला की भाऊजी शिट्ट्या मारतात. स्वतःच्या पक्षाचा दिसला की त्यांना तहान लागते, आणि ते पाण्याची बाटली आणायला गल्लीत शिरतात. 1999 च्या मारबतीला त्यांच्यासोबत मीही त्या गल्लीत पाणी आणायला गेलो होतो.