आई-बाबांच्या मनगटावरचे आकडे: कोणता मानायचा, कोणता पुन्हा मोजायचा

आई-बाबा एका देशात आणि तुम्ही दुसऱ्या, म्हणून लगेच स्मार्टवॉच पाठवू नका. आधी काय मोजायचंय ते ठरवा. रक्तदाब हवा असेल तर दंडावर बांधायचं, योग्य मापाच्या पट्ट्याचं मशीनच घ्या. पट्टा लहान पडला तर आकडा उगाच जास्त येतो.

ठोके अनियमित पडत असतील तर घड्याळातला ईसीजी कामाचा. हात टेबलावर टेकवायचा, दुसऱ्या हाताचं बोट बटणावर ठेवायचं आणि ३० सेकंद बोलायचं नाही. पण हा ईसीजी एकाच लीडचा असतो, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघतो; हृदयविकाराचा झटका त्यात ओळखता येत नाही. छातीत दुखत असेल तर घड्याळ काहीही म्हणो, थेट हॉस्पिटल.

सर्वांत जास्त झोपमोड करतो तो दंडावरचा साखरेचा सेन्सर, सीजीएम. तो रक्तातली नव्हे, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो. त्यामुळे साखर भराभर चढत-उतरत असताना त्याचा आकडा ५ ते १५ मिनिटं मागे असतो. पहिल्या दिवशी तो जरा बेभरवशाचाच. रात्री त्याच कुशीवर झोपलं की सेन्सर दाबला जातो आणि साखर एकदम घसरल्याचा खोटा इशारा येतो. कूस बदलून बोट टोचून तपासा. घाम, थरथर, गोंधळलेपण दिसलं तर मात्र तपासण्यात वेळ न घालवता आधी ग्लुकोज द्या. सेन्सर शक्यतो ज्या कुशीवर झोपत नाहीत त्या दंडावर लावा. आणि त्वचेला न टोचता साखर दाखवणारी घड्याळं, अंगठ्या विसरा: अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं की अशा एकाही उपकरणाला मान्यता दिलेली नाही.

घड्याळातला रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा सैल पट्ट्याने आणि गार हातांनी बिघडतो. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण रुतणार नाही असा. सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. म्हणून पहिले दोन आठवडे त्यांची नेहमीची पातळी लिहून ठेवा. इशाऱ्याची मर्यादा त्यावरून त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावी.

इशारा तुमच्या फोनवर जरूर येऊ दे, पण आधी तो दहा मिनिटांत दारात पोचू शकेल अशा माणसाला गेला पाहिजे. त्याच्याकडे घराची किल्ली आणि औषधांची यादी आहे ना, तेही विचारून घ्या. चार्जिंगची वेळ आंघोळीची ठेवू नका. बाथरूममध्येच पाय घसरतो, आणि नेमकं तेव्हा घड्याळ टेबलावर पडलेलं असतं.