एटीव्ही शेतात आणताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: खुलताबाद तालुक्यात आमचं कृषी पर्यटन केंद्र आहे. २५० सीसीची जुनी एटीव्ही (मोटारसायकलसारखं हँडल असलेली, जाड टायरांची, कच्च्या वाटेवर चालवायची गाडी) मिळतेय. पाहुणे लेकरांना पुढ्यात बसवून चालवायला मागतात. चालेल का?

उत्तर: नाही. एकाच चालकाची एटीव्ही असेल तर तिची सीट लांब दिसते ती दुसऱ्या माणसासाठी नव्हे. चढावर पुढे, उतारावर मागे, वळणावर आतल्या अंगाला सरकता यावं म्हणून ती लांब असते. लेकरू पुढ्यात असलं की चालकाला सरकता येत नाही, आणि गाडी कलंडली तर तेच आधी खाली सापडतं. शेताचा बांध तिरका ओलांडताना हे हमखास होतं.

सरकारी नियम या कलंडण्यापायीच आले. अमेरिकेत १९८८ साली तीनचाकी एटीव्हींची विक्री थांबली आणि मोठ्यांच्या गाडीवर १६ वर्षांखालचं मूल नको, असा इशारा सक्तीचा झाला. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२१ पासून शेतकामाच्या नव्या क्वाड बाइकला (म्हणजे चारचाकी एटीव्हीला) चालकामागे संरक्षक कमान लागते. आपल्याकडे साहसी पर्यटनाचं राज्याचं धोरण २०२१ चं आहे, तेव्हा सुरू करण्याआधी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची चौकशी करा. 'स्वतःच्या जबाबदारीवर' अशी सही घेतली म्हणजे तुम्ही सुटलात, असं मात्र समजू नका.

जुनी गाडी घेताना इंजिनाचा आवाज सगळेच ऐकतात, टायर कुणी बघत नाही. या टायरांत हवा साधारण ३ ते ५ पीएसआयच असते (नेमका आकडा गाडीवरच्या पट्टीवर पाहा). पंक्चरवाल्याच्या गेजवर एवढा कमी दाब नीट कळत नाही, म्हणून कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. डाव्या-उजव्या चाकात एका पीएसआयचाही फरक असला तर गाडी एका बाजूला ओढते. हवा जास्त झाली तर दगडावर उसळते. अंगठ्यानं दाबून वेग वाढवायच्या खटक्याजवळ (थ्रॉटल) वेग अडवणारा स्क्रू असतो. नवख्यासाठी तो आत फिरवून ठेवा. इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या मनगटाला हवीच, नसेल तर बसवून घ्या. हेल्मेट आयएस ४१५१ या भारतीय मानकाचा छाप असलेलं. ट्रॅक मुरमाचा करा. पावसात काळी माती चाकांच्या खाचांत भरली की पकड गेलीच.

प्रश्न: शेतापासून ओढ्यापर्यंत डांबरी रस्त्यानं दोनशे मीटरच जायचंय. तेवढ्यालाही नोंदणी लागते?

उत्तर: लागते. मोटार वाहन कायद्यातून सुटतं ते फक्त बंदिस्त आवारातच वापरायचं खास वाहन. विनानोंदणी रस्त्यावर सापडलात तर पहिल्यांदा ५,००० रुपयांपर्यंत दंड. चालवणारा १८ वर्षांखालचा असेल तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद.

दंडापेक्षा डांबर वाईट. बहुतेक साध्या एटीव्हींना मागे डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग) नसतो, दोन्ही मागची चाकं एकाच वेगानं फिरतात. मातीत आतलं चाक घसरून वळण जमतं. डांबरावर ते घसरत नाही, गाडी सरळच रेटते. चालक मग हँडल जोरात ओढतो, टायर एकदम पकडतो आणि गाडी बाहेरच्या बाजूला आडवी होते. त्या दोनशे मीटरला ट्रॉलीत टाकून न्या, चारही बाजूंनी बांधून.